विश्वासाचे मार्ग : युनिक्समधील सामायिक लायब्ररी

आम्ही इतिहासाचे शिक्षक. जुने कागदपत्र हाती आले की मजकुराआधी ते कोठून आले आणि कोणाच्या ताब्यात होते, हे आम्ही विचारतो. शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स आल्यावर मात्र या सवयीचा आम्हांला विसर पडला.

एके दिवशी एक प्रोग्राम ‘सामायिक लायब्ररी सापडत नाही’ असे सांगून अडून बसला. आम्ही एक फोल्डर तयार करून लायब्ररी त्यात ठेवली, कोणाची अडचण नको म्हणून सर्वांना लिहिण्याची, म्हणजे ७७७ ही परवानगी दिली आणि ते फोल्डर यंत्रणेच्या शोधमार्गात घातले. प्रोग्राम सुरू झाला. तेव्हा नववीतील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, त्याच नावाची माझी फाइल मी तिथे ठेवली तर?” आम्ही निरुत्तर झालो. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

अनेक प्रोग्रामांना लागणारे काम एकाच फाइलीत लिहून ठेवलेले असते. तिला सामायिक लायब्ररी म्हणतात. प्रोग्राम सुरू होताना लोडर ती नावाने शोधतो आणि जोडतो. ती कोणी लिहिली, याची चौकशी तो करीत नाही. जोडलेली लायब्ररी त्या प्रोग्रामच्याच अधिकाराने चालते. प्रोग्राम रूटचा असेल तर रूटच्या अधिकाराने.

प्रोग्राममध्येच मार्ग नोंदवलेला नसेल, तर लिनक्सचा लोडर प्रथम वापरकर्त्याने ठरवलेल्या ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या चलातील फोल्डरे पाहतो, नंतर ‘एलडी.एसओ.कॅश’ ही तयार यादी आणि शेवटी ‘लिब’ व ‘यूएसआर’मधील ‘लिब’ ही दोन मूळची विश्वासू फोल्डरे. पासवर्ड बदलणाऱ्या प्रोग्रामसारखे काही प्रोग्राम सामान्य माणसाने चालवले तरी रूटच्या अधिकाराने चालतात. तेथे लोडर हे चल मानीत नाही.

ही दक्षता किती अपुरी ठरू शकते, ते १९९५ साली दिसले. टेलनेट सेवेच्या काही आवृत्त्या दूरच्या वापरकर्त्याने पाठवलेली चले तशीच लॉगिन प्रोग्रामकडे सोपवीत. सेवा आधीच रूट म्हणून चालत असल्याने लोडरला संशय येण्याचे कारण नव्हते. त्या यंत्रावर आपली बनावट लायब्ररी आधी पोहोचवणाऱ्यास पासवर्डाविना रूटचा अधिकार मिळू शकत होता. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्ट या संस्थेने याबद्दल जाहीर इशारा दिला.

म्हणून नवे फोल्डर जोडताना पुढील क्रम पाळावा. फोल्डर, त्यातील फाइली आणि वरची सर्व फोल्डरे रूटच्या मालकीची असावीत. फोल्डराची परवानगी ७५५ असावी, म्हणजे इतरांना वाचता येते, लिहिता येत नाही. ‘इटीसी’मधील ‘एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ या फोल्डरात ‘कॉन्फ’ने संपणाऱ्या नावाची फाइल करून तीत पूर्ण मार्ग लिहावा. मग रूट म्हणून ‘एलडीकॉन्फिग’ चालवावे. त्याने यादी नव्याने तयार होते. हीच आज्ञा ‘पी’ या पर्यायासह दिल्यास यादी वाचता येते. फ्रीबीएसडीमध्ये रूटच्या मालकीचे नसलेले वा इतरांना लिहिता येणारे फोल्डर ही आज्ञा इशारा देऊन वगळते. लिनक्समध्ये ती राखण आपणच करावयाची असते.

एलडी_लायब्ररी_पाथ हे चल चाचणीपुरतेच वापरावे. त्याच्या आरंभी वा शेवटी चुकून विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे राहिली, तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘सध्याचे फोल्डर’ असा होतो, आणि ते कोणाचेही असू शकते.

आम्ही आमचे फोल्डर रूटच्या नावे केले, ७५५ केले आणि त्यातील लायब्ररी मूळ स्रोतातून नव्याने घेतली. मधल्या काळात ती कोणी बदलली नसेल, याची खात्री आम्हांला देता येत नव्हती. मग त्याच विद्यार्थ्याला तेथे फाइल ठेवून पाहण्यास सांगितले. पडद्यावर ‘परवानगी नाही’ असे आले. तो म्हणाला, “आता बरोबर आहे, सर.”