गिट शिकायचंय? आधी खर्चाचा हिशेब पाहा

ओपन सोर्स प्रकल्पात पहिला बदल पाठवेपर्यंत तुमच्या खिशातून जायला हवेत शून्य रुपये. कोणी ‘गिट-गिटहब मास्टरी’चं पॅकेज विकत असेल, तर आधी हे वाचा.

काय लागतं? लॅपटॉप (जुना चालेल), इंटरनेट, ईमेल आणि मोबाइलवर ऑथेंटिकेटर अ‍ॅप. आधार, पॅन, क्रेडिट कार्ड यांपैकी काहीही नाही. गिटहबच्या खात्यासाठी वय किमान १३ वर्षं हवं.

गिट कुठून घ्यायचं? गिट-एससीएम डॉट कॉम या अधिकृत साइटवरून. सर्चमध्ये सर्वांत वर येणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका. उबुंटूत ते एका कमांडमध्ये इन्स्टॉल होतं. कमांडची धास्ती वाटत असेल तर गिटहब डेस्कटॉप घ्या, तेही मोफत. विकतची अ‍ॅप सध्या नकोत. गिटहबच्या मोफत खात्यात खासगी आणि सार्वजनिक, दोन्ही रिपॉझिटरी हव्या तितक्या ठेवता येतात. प्रो प्लॅनची गरज नाही.

कुठे अडतं? पुश करताना, म्हणजे तुमचे बदल गिटहबवर पाठवताना. खात्याचा पासवर्ड तिथे ऑगस्ट २०२१ पासून चालत नाही. टोकन किंवा एसएसएच की तयार करा. टू-फॅक्टर (ऑथेंटिकेटर अ‍ॅपच्या) लॉगिनचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा. फोन हरवला आणि कोडही नसले, तर खातं गेलंच समजा.

किती वेळ? स्कॉट चाकॉन आणि बेन स्ट्रॉब यांचं ‘प्रो गिट’ हे पुस्तक गिट-एससीएमच्या साइटवर फुकट आहे. पहिली तीन प्रकरणं पुरेत. रोज तासभर दिलात, तर दोन आठवड्यांत कामापुरतं येईल.

पहिलं योगदान: ‘गुड फर्स्ट इश्यू’ लेबल असलेलं काम शोधा. प्रकल्पाची ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ फाइल वाचा. मग फोर्क, क्लोन, नवी ब्रांच, बदल, कमिट, पुश, पुल रिक्वेस्ट, याच क्रमाने. काही प्रकल्प करारावर संमती किंवा कमिटखाली साइन-ऑफ मागतात; त्याला पैसे पडत नाहीत. नोकरीत असाल तर बाहेरच्या प्रकल्पाला कोड देता येतो का, हे नेमणुकीच्या करारात आधी तपासा. पुल रिक्वेस्टला उत्तर यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तपासणारे बहुधा स्वयंसेवक असतात. रोज आठवण करू नका.

छुपे खर्च: पहिला, डेटा. लिनक्स कर्नलचा पूर्ण इतिहास काही जीबींचा आहे; मोबाइल डेटावर असाल तर छोटा प्रकल्प निवडा. दुसरा, तुमचा ईमेल. तो प्रत्येक कमिटमध्ये कायमचा उघड होतो. पहिल्या कमिटआधीच गिटहबच्या सेटिंगमध्ये ईमेल खासगी करा आणि तिथे मिळणारा ‘नोरिप्लाय’ पत्ता गिटमध्ये घाला. तिसरा, गुप्त की. ती चुकून पुश झाली, तर फाइल डिलीट करून भागत नाही, इतिहासात राहतेच. ती की लगेच रद्द करा.

शॉर्टकट टाळा: २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाच्या उपक्रमाच्या टी-शर्टसाठी लोकांनी निरर्थक पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला, शेवटी आयोजकांना नियम बदलून फक्त राजी असलेल्या प्रकल्पांपुरताच उपक्रम ठेवावा लागला. पैसे घेऊन ‘पीआर (पुल रिक्वेस्ट) मर्ज करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ‘गुगल समर ऑफ कोड’ या ओपन सोर्स उपक्रमातही अर्जाला फी नाही. उलट निवड झालेल्यांना मानधन मिळतं. त्यासाठी कोणी ‘नोंदणी शुल्क’ मागितलं, तर देऊ नका.