मोटारसायकलचा पुढचा शॉकअप

इंजिन किती ताकदीचे, गाडी लिटरला किती चालते, याची चर्चा आपल्या कॉलेजच्या सायकल-स्टँडवर रोज होते. हँडलखालच्या दोन नळ्यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. वस्तुतः ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार त्यांच्यावरच येतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात शिरावे याचे कोणास नवल वाटेल. पण हातांना जे ठाऊक असते ते शब्दांत मांडणे हेही आपल्याच शाखेचे काम आहे, असे मला वाटते.

दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकणारा व तेलाने आवरलेला फोर्क मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाडीवर प्रथम आणला तो बी.एम.डब्ल्यू. या जर्मन कंपनीने, १९३५ साली. स्प्रिंग गाडीला उचलून धरते; तेल बारीक छिद्रांतून जाताना तिची उसळी मोडते. ही दोन कामे एकच मानल्यामुळे बहुतेक घोटाळा होतो.

शॉकअप दबू लागला की स्प्रिंगवर नळीचा तुकडा किंवा वॉशर घालतात आणि ‘स्प्रिंग कडक झाली’ म्हणतात. समजा, ती एक सें.मी. दाबायला पाच किलो लागतात. तुकडा घातल्यावरही पुढच्या प्रत्येक सें.मी.ला पाचच किलो लागणार. गाडी फक्त वर उचलली जाते. किती उचलावी? चाक अधांतरी असताना आणि स्वार बसल्यावर आतली नळी किती दिसते ते मोजावे. फरक एकूण चालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. चाल १२० मि.मी. असेल तर ३० ते ४०. तुकड्याने हे साधत नसेल तर स्प्रिंगच बदलावी.

दुसरा लोकप्रिय उपाय जाड तेलाचा. साध्या फोर्कात छिद्र ठरलेले असते, व तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर विरोध जवळजवळ चौपट. ब्रेक लावताना नळी सावकाश सरकते, तेव्हा तेल फारसे अडवीत नाही आणि गाडी नाक खुपसते. तेच वेगात खड्डा आला की तेल भिंतीसारखे उभे राहते व दणका मनगटांत जातो. जाड तेलाने पहिला दोष थोडा घटतो, दुसरा वाढतो. शिवाय लागोपाठच्या खड्ड्यांत फोर्क पुरता वर येतच नाही. काही मोठ्या गाड्यांत यासाठी दणक्यासरशी उघडणारी झडप बसवितात. शंभर सी.सी.च्या गाडीला तो खर्च मला तरी पटत नाही. कंपनीने सांगितलेल्या जातीचे नवे तेल दोन्ही पायांत सारखे भरावे, हे पुष्कळ झाले.

माझे वडील पहाटे मागे दुधाच्या किटल्या बांधून डेअरीवर जातात. मागचा भाग दबला की पुढचे चाक हलके होते, हँडल डुलते, आणि दोष पुढच्या शॉकअपवर ढकलला जातो. अशा वेळी मागच्या स्प्रिंगची कडी एक-दोन खाचा वर फिरवून पाहावी. मोजमापही किटल्या बांधूनच घ्यावे. नळीवर तेलाची ओल दिसली तर मात्र मोजणे राहू द्यावे व आधी सील बदलावे, कारण ते तेल ओघळून ब्रेकवर जाऊ शकते.