ध्वनिमुद्रण आणि जोडणी

जात्यावरच्या ओव्या म्हणणारा वृद्ध कंठ पुन्हा ऐकावयास मिळेलच असे नाही. म्हणून अशा ध्वनिमुद्रणासाठी फिरता बहुमार्गी कन्व्हर्टर निवडताना मी प्रथम त्याच्या जोडण्या पाहतो. तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीत दोन तारांतून एकच संकेत परस्परविरुद्ध रूपांत जातो. वाटेत शिरलेली विजेची घरघर मात्र दोन्हींत सारखीच असते. यंत्र दोहोंतील फरक घेते, तेव्हा घरघर वजा होते व आवाज उरतो. २५ पिनांच्या एकाच डी-सब जोडणीत असे ८ मार्ग मावतात. यंत्र आटोपशीर होते खरे. पण ती निखळली तर आठही मार्ग मुके! स्टुडिओत ती सोयीची. गावोगावी हिंडताना मात्र प्रत्येक माइकला खटक्याची स्वतंत्र एक्सएलआरच असावी, असे मला वाटते.