उमेदवारीस निघालेल्या भाच्यास



गोंदिया जिल्ह्यातील एखादी लहान फळबाग आणि तिला जोडलेली भाजीची वाडी निवडून तेथे वर्षभर राहून काम शिकण्याचा चिरंजीवाचा विचार चांगला आहे. हल्ली जिला पुनरुज्जीवक शेती म्हणतात, ती पीक घेता घेता जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढवीत नेणारी शेती होय. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेला पालापाचोळा, मुळे आणि सूक्ष्म जीव यांच्यामुळे मातीत साठून राहणारा अंश. या शेतीविषयीचे पुष्कळसे लेखन मात्र कोरड्या किंवा थंड मुलखातील अनुभवावर उभे आहे, आणि तेथील कृती धानाच्या मुलखात जशीच्या तशी उतरवली, तर मातीचा कस वाढण्याआधीच कलमे पावसाळ्यात पिवळी पडून मरतात. म्हणून या जिल्ह्यात बाग शिकू पाहणाऱ्याने खताआधी, बियाण्याआधी आणि कोणत्याही आचार्यांच्या सूत्राआधी पाणी शिकावे, असे सुचवण्यासाठी हे पत्र आहे.

जिल्ह्यात सुमारे १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो. हे पाणी अडवण्यासाठी येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध्या घडवल्या. बांधी म्हणजे चारही बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून सपाट केलेला धानाचा तुकडा. रोवणीपूर्वी दरवर्षी होणाऱ्या चिखलणीमुळे मातीची कणरचना मोडते आणि वीतभर खाली एक घट्ट थर तयार होतो, ज्यातून पाणी सहज झिरपत नाही. धानाला हाच थर हवा असतो, कारण त्याच्याच आधाराने बांधीत पाणी उभे राहते. आंब्याच्या किंवा पेरूच्या मुळांना मात्र तो जाचतो, कारण साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. फळबाग लागवडीच्या अनुदानाच्या भरात बांधीतच खड्डे खोदून कलमे लावली जातात आणि दोन वर्षांनी दोष रोपवाटिकेला दिला जातो, हे या प्रदेशात नवे नाही. चिरंजीवाने ज्या वाडीवर जायचे ठरवले असेल, तेथे भर पावसात दोन फूट खोल खड्डा घेऊन त्यातील पाणी किती वेळात उतरते, हे प्रत्येक तुकड्यात स्वतः पाहावे. दुसऱ्या दिवशीही खड्डा भरलेला दिसला, तर ती जागा धानाची आहे असे समजावे, किंवा तेथे झाड लावायचेच असल्यास उंच वरंबा घालून पाण्याला चराची वाट करून द्यावी. येथील शेतकरी जमिनीला बरडी, सिहार, मोरांड, कन्हार अशी नावे देतात. त्यांपैकी बरडी ही उंचावरची मुरमाड, निचऱ्याची जमीन, तर कन्हार ही सखल भागातली काळसर, चिकण आणि पाणी धरणारी. झाडांनी बरडीकडे आणि धुऱ्यांकडे जावे आणि धानाने खाली राहावे, ही वाटणी बागेचा नकाशा काढणाऱ्याने आधी मान्य केली पाहिजे.

पाण्याच्या हिशेबाने केलेल्या या वाटणीचे शास्त्र येथे फार जुने आहे. नवेगाव बांधच्या विस्तीर्ण तलावाचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते, आणि कोहळी समाजाची ख्याती तलाव बांधणारा आणि त्यांच्या पाण्यावर ऊस पिकवणारा समाज अशी आहे. मरार समाजाने नदीकाठाच्या व विहिरींच्या आधाराने भाजीपाल्याचे मळे सांभाळले. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव असून त्यांना मालगुजारी किंवा माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव, म्हणतात. मध्य प्रांतातील मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली, तलाव सरकारकडे गेले, आणि जे त्यांच्या पाण्यावर अवलंबून होते त्यांच्या हातून देखभाल सुटली. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने मासेमारी करणाऱ्या धीवर समाजातील स्त्री-पुरुषांच्या बरोबरीने तलावांतील बेशरम हे तण काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले, आणि त्यातून तलाव म्हणजे केवळ गाळ उपसायचा खड्डा नव्हे, हे दिसून आले. बाग शिकणाऱ्याने हे काम एकदा तरी पाहावे, कारण तलावातील वनस्पती, मासे, पाळीखालचा ओलावा आणि त्या ओलाव्यावर उभी राहणारी भाजी ही एकाच व्यवस्थेची अंगे आहेत. तलावाचा गाळ शेतात पसरणे ही चांगली रूढी आहे; परंतु चिकण गाळाचा जाड थर फळझाडाच्या बुंध्याशी टाकला, तर वर सांगितलेली बांधीच झाडाभोवती तयार होते. ज्यांच्याकडे तलावाचे पाणी पोहोचत नाही, ते शेतात बोडी म्हणजे लहान खासगी तळे राखतात, आणि उन्हाळी भाजी किती वाफ्यांत घ्यायची हे मार्चमधील बोडीच्या पातळीवरूनच ठरवणे शहाणपणाचे असते.

आता मातीच्या पोषणाविषयी. या जिल्ह्यात कर्बाची टंचाई नाही; तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग दरवर्षी उभे राहतात आणि गोंदियाच्या भातगिरण्यांमधून निघणारे तूस वेगळेच. अडचण अशी की तणसात कर्ब फार आणि नत्र कमी असल्यामुळे ते मातीत गाडले, तर ते कुजवणारे जीवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि भाजी काही आठवडे उपाशी राहते. म्हणून तणस मातीवर आच्छादन म्हणून पसरावे, किंवा शेण आणि हिरवा पाला यांच्यासह कुजवून मगच मातीत मिसळावे. कुजवण्यासाठी विदर्भाचीच एक पद्धत उपलब्ध आहे: पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी घडवलेली, त्यांच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी नाडेप पद्धत, ज्यात सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा जाळीदार भिंतींच्या टाक्यात काडीकचरा, थोडे शेण आणि माती यांचे थर रचून तीन-चार महिन्यांत खत मिळते. तूस मात्र सिलिकामुळे लवकर कुजत नाही. ते वाटांवर टाकावे. पावसाळ्यात आच्छादन बुंध्यापासून हातभर दूर ठेवावे, नाहीतर उधई आणि बुरशी दोन्हींना आमंत्रण मिळते. जीवामृताविषयी बरेच ऐकायला मिळेल. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचे ते आंबवण सूक्ष्म जीवांचे विरजण आहे, परंतु विरजण कितीही चांगले असले तरी दुधावाचून दही लागत नाही, आणि येथे दूध म्हणजे काडीकचरा. उभ्या धानात ओल असतानाच लाखोळी फोकून, म्हणजे विखरून पेरून, घेण्याची उतेरा पद्धत जिल्ह्यात अजून टिकून आहे. नांगरणीवाचून, सिंचनावाचून, मातीत नत्र सोडणारे डाळवर्गीय पीक घेण्याची ही रीत पुनरुज्जीवनाचे नाव न घेता तेच काम करीत आली आहे.

फळझाड आणि भाजी एकत्र का घ्यायची, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडते. कलमी आंब्याला बरे उत्पन्न देऊ लागण्यास पाच-सहा वर्षे लागतात, पेरूला दोन-तीन, पपईला वर्षभराच्या आसपास, आणि मेथीला महिनाभर; तेव्हा घर भाजीवर चालते आणि बाग मागाहून उभी राहते. झाडांची सावली दाट झाल्यावर त्याच ओळींमध्ये हळद, सुरण आणि धोपा म्हणजे अळू घेता येतो. पावसाळ्यात भाजी उंच गादीवाफ्यांवर आणि वेलवर्गीय पिके मांडवावर घ्यावी लागतात. आठवडी बाजारात त्या दिवसांत जंगलातून आलेले वास्ते (बांबूचे कोंब), सात्या (रानअळिंबी) आणि तरोट्याची भाजी विकणाऱ्या बायांशी पालेभाजीने स्पर्धा करणे व्यर्थ असल्याने, दोडके, वांगी, मिरची असा जंगलात न मिळणारा माल घेऊन बसणेच बरे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या गावांत वानरे आणि रानडुकरे हिशेबात धरावीच लागतात, आणि राखणीचा खर्च न लिहिणारी वही खोटी समजावी.

उमेदवारीच्या अटींबाबत मामाचे मत काहीसे कठोर आहे. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा, करार रूढीने गुढीपाडव्याच्या सुमारास ठरतो आणि त्यात पैसे, धान्य, कपडे काय मिळणार हे स्पष्ट असते; शिकाऊ म्हणून आलेल्या तरुणाला मात्र अनुभवाच्या नावाखाली सालदाराहून कमी देऊन तेच काम करून घेणाऱ्या वाड्या आहेत, आणि सेंद्रिय हा शब्द त्यांच्या फाटकावर असला तरी व्यवहार शुद्ध ठरत नाही. राहणे, जेवण आणि थोडाबहुत हातखर्च यांशिवाय दोन गुंठे जमीन स्वतंत्रपणे कसायला मिळावी, अशी मागणी चिरंजीवाने पहिल्याच दिवशी करावी. या मागणीला आधार श्रीपाद अच्युत दाभोलकर यांचा आहे; ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या जाळ्यातून दहा गुंठ्यांत कुटुंब कसे जगेल याचा विचार मांडला, आणि त्यामागचा आग्रह हाच होता की शिकणाऱ्याने स्वतः मोजावे, नोंदवावे आणि ते शेजारच्या प्रयोगकर्त्याला दाखवावे. असेच स्वतः निरखून चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या धानातील काही वेगळ्या लोंब्या निवडून, त्यांचे बी वर्षानुवर्षे जपून, एचएमटी हे वाण घडवले. शिक्षण आणि जमीन दोन्ही तोकडी असलेल्या माणसाकडे नजर आणि सातत्य या दोनच गोष्टी होत्या. कलम बांधणे, म्हणजे खुंटावर निवडलेल्या झाडाची काडी जोडणे, या कौशल्याचे वळण कुशल माळ्याजवळ बसून महिनाभरात हाताला लागेल. रोवणी आणि निंदणी मात्र मजूर बायांच्या मागे चालूनच शिकावी, आणि त्यांना मावशी म्हणून विचारल्यास त्या मालकापेक्षा अधिक सांगतात.

माती परीक्षण जिल्ह्यातील हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात वर्षाच्या आरंभी आणि शेवटी, एकाच तुकड्यातून व सारख्याच खोलीवरून नमुना घेऊन करून घ्यावे. एका वर्षात कर्बाचा आकडा फारसा हलणार नाही, त्यामुळे तो हलवून दाखवण्याचे आश्वासन देणाऱ्या मालकाकडे न जाणे इष्ट. रोहिणी नक्षत्रापूर्वी म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे पोहोचावे, जेणेकरून कोरडी बोडी आणि भरलेली बोडी दोन्ही पाहता येतील, आणि दोन गुंठ्यांवरील मालाचे पैसे कोणाचे, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे.

कळावे.

मामाचे आशीर्वाद