सामान्य विज्ञान : माशाची पार्श्वरेखा

पावसाळ्यात ओढ्याचे पाणी गढूळ झाले म्हणजे त्यात वीतभर खालचेही दिसत नाही. तरीही हात घालताच मासा निसटतो. "गुरुजी, त्याला कसे कळले?" असे मुलाने विचारले असता "त्याने पाहिले" एवढेच सांगून शिक्षकांनी थांबू नये.

या प्रश्नाचे उत्तर माशाच्या अंगावरच आहे. बाजारातून आणलेला रोहू मुलांस दाखवावा. जिवंत मासा पाण्याबाहेर काढू नये. कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत दोन्ही कुशींवर एक बारीक रेषा दिसेल. तीच पार्श्वरेखा. तिच्यावरील खवल्यांत सूक्ष्म छिद्रे असून ती त्वचेखालील नलिकेत उघडतात. नलिकेत केसांसारखे तंतू असलेल्या पेशींचे पुंजके असतात व प्रत्येक पुंजक्यावर लिबलिबीत टोपी असते. बाहेरचे पाणी हलले की नलिकेतील द्रव हलतो, टोपी झुकते, तंतू वाकतात आणि मज्जातंतूंमार्फत ती वार्ता मेंदूस पोहोचते. शत्रू, भक्ष्य व सोबतचे मासे यांची चाहूल अशी लागते. मात्र ही जाणीव जवळच्या हालचालीपुरतीच असते. मेक्सिकोतील गुहांमधले आंधळे मासे हिच्याच साहाय्याने खडकावर न आदळता पोहतात.

किनाऱ्यावरील शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तारलीच्या कुशीवर ही रेषा आढळत नाही. तिच्या नलिका मुख्यतः डोक्यावर असतात. म्हणून पाठासाठी तारली निवडू नये.

प्रयोग : परातीत पाणी घेऊन तळाशी चिखलाच्या गोळ्यात कोंबडीचे बारीक पीस उभे खोचावे. पिसास स्पर्श न करता थोड्या अंतरावर पाण्यात हात हलवावा. पीस का झुकले, हे मुलांनाच सांगू द्यावे.

कोणी "ती नुसती नक्षी आहे" असे म्हटल्यास त्यास हसू नये. विद्वानांनीही दीर्घकाळ ही छिद्रे केवळ बुळबुळीत द्रव स्रवणारी मानली होती. हे ज्ञानेंद्रिय असल्याचे १८५० मध्ये फ्रान्झ लायडिग यांनी ओळखले. पाण्याची हालचाल जाणणे हे त्याचे कार्य १९०८ मध्ये ब्रूनो होफर यांनी दाखवून दिले. जे जाणत्यांस उमगण्यास इतका काळ लागला, ते मुलास स्वतः पाहून उमगू द्यावे. तयार उत्तर पाठ करविण्याने हे साधणार नाही.