माळवदावरील रात्र

बीड शहराच्या दक्षिणेस, बालाघाटाच्या डोंगररांगेत, कपिलधार नावाचे रम्य स्थान आहे. मांजरसुंब्याहून थोडे पुढे गेले की वाट डोंगरांमधून दरीत उतरते. तेथे वीरशैव संत मन्मथस्वामी यांची समाधी आहे आणि जवळच कड्यावरून पाण्याची धार कोसळते. पावसाळ्यात या धारेचे तुषार अंगावर आले, की चालून दमलेल्या यात्रेकरूचा शीण नाहीसा होतो. वैशाखात मात्र पाण्याचा हा थाट राहत नाही. भोवतालच्या पठारावरील गावांत दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. दिवस कसाबसा कामात सरतो. खरी परीक्षा रात्रीची असते.

झोप आणि गारवा यांचा संबंध निकटचा आहे. माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे सदतीस अंश असते. रात्र होऊ लागली, की ते थोडे उतरू लागते आणि मग डोळ्यांवर झापड येते. अंगातील उष्णता हातापायांच्या त्वचेवाटे बाहेर पडते. भोवतालची हवाच तापलेली असली, तर ही उष्णता जाणार कोठे? मग माणूस तळमळतो आणि पहाटे थकलेल्या अंगाने उठतो. अशा रात्री लागोपाठ आल्या, तर वृद्ध, आजारी माणसे व तान्ही मुले यांच्या जिवावरही बेतते.

या अडचणीवर मराठवाड्यातील माणसांनी फार पूर्वी एक उपाय शोधला. तो म्हणजे माळवद. जाड मातीच्या किंवा दगडी भिंती, लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर काड्यांचा व पाल्याचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे सपाट छप्पर असते. दुपारचे ऊन माळवदावर पडते, पण मातीच्या थरातून उष्णता अगदी सावकाश खाली उतरते. म्हणून भर दुपारी घरात शिरणाऱ्यास गारवा वाटतो. उष्णता घरात पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. त्या वेळी घर उबते. पण त्या वेळेपर्यंत घरातील माणसे वर निघालेली असतात!

दिवस मावळला, की कोणी माळवद झाडून घेते, कोणी त्यावर पाण्याचा हलका शिडकावा करते. वाकळी अंथरल्या जातात. उशाशी पाण्याचा तांब्या येतो. मुले चांदण्या मोजू लागतात, वडीलधारी माणसे शेतीच्या गोष्टी बोलतात आणि बोलता बोलता एकेकाचा आवाज बंद होतो. मध्यरात्रीनंतर हवा इतकी निवते, की पायथ्याशी ठेवलेली चादर अंगावर ओढून घ्यावी लागते.

हा गारवा येतो कोठून? त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण पाणी. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने अर्धा लिटरहून अधिक पाणी एक अंशाने तापेल. माठातील पाणी थंड होते, घाम वाळताना अंगाला बरे वाटते आणि शिंपडलेली जमीन निवते, ती याच नियमाने.

दुसरे कारण आकाश. तापलेली प्रत्येक वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकीत असते. रात्र निरभ्र व हवा कोरडी असली, तर माळवदाची उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते. हे खरे वाटत नसेल, तर एक जुनी हकीकत ऐकावी. अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज, येथे पूर्वी हिवाळ्याच्या रात्री बर्फ तयार करीत. जमिनीत उथळ खड्डे खणून त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरीत आणि त्यांवर मातीच्या पसरट भांड्यांत थोडेथोडे पाणी ठेवीत. पहाटे त्यावर बर्फ धरलेला असे, आणि तोही हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसताना! रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेली ही माहिती १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केली.

ढगाळ रात्री मात्र ही युक्ती फसते. ढग पांघरुणासारखे वर पसरतात आणि जमिनीची उष्णता पुन्हा खाली पाठवतात. कोकणात हवा दमट असल्याने घामही लवकर वाळत नाही. म्हणून तेथील घरांना उतरती कौले, उघडी पडवी आणि वाऱ्यासाठी समोरासमोर दारे असतात. जसा प्रदेश, तशी घराची रचना.

माळवदाचे गुण पुष्कळ असले, तरी त्यात एक मोठा दोषही होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती ढासळल्या, मातीची जड छपरे खाली आली आणि झोपेत असलेली हजारो माणसे गाडली गेली. जे छप्पर उन्हापासून राखीत होते, तेच काळ ठरले. त्यानंतर अनेक गावांत पत्र्याची आणि सिमेंटची घरे वाढली. पत्रा दिवसा असह्य तापतो. मात्र पातळ असल्याने रात्री लवकर निवतो. सिमेंटचे छत दिवसभर उष्णता साठवते व ती उत्तररात्रीपर्यंत घरात सोडीत राहते.

म्हणून काय, जुन्या घरांकडे परत जावयाचे? तसे नव्हे. जुन्या घरांतील तत्त्व नव्या घरांत आणावयाचे. ते तत्त्व असे, की दिवसा उष्णता आत येऊ द्यावयाची नाही आणि रात्री ती बाहेर घालवावयाची. छताला पांढरा चुना दिला, तर बरेचसे ऊन परत फिरते. सकाळी नऊ-दहा वाजता खिडक्या लावून पडदे ओढावेत आणि बाहेरची हवा निवल्यावर त्या समोरासमोर उघडाव्यात. झोपण्यापूर्वी हातपाय धुवावेत, सुती कपडे घालावेत. दोरीने विणलेल्या बाजेवर झोपल्यास खालूनही हवा खेळते. बंद खोलीतील हवा फार तापली असेल, तर नुसता पंखा उष्ण झळाच अंगावर आणतो. तेव्हा अंग ओल्या फडक्याने पुसून मग वारा घ्यावा. उघड्या जमिनीवर मात्र निजू नये. मण्यारीसारखा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यास दंश करतो. बाज व गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हे चांगले संरक्षण होय. कठडा नसलेल्या गच्चीवर मुलांनी कडेला झोपू नये.

मे २०१० मध्ये अहमदाबाद शहरात उष्णतेची भीषण लाट आली. त्या महिन्यात तेथे नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे दगावली. त्यापासून धडा घेऊन त्या शहराने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. आगाऊ इशारा देणे, रुग्णालये सज्ज ठेवणे आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करणे, अशी कामे तेथे झाली.

परंतु सर्वच गोष्टी नगरपालिकेवर सोपवून चालत नाही. उन्हाळ्याच्या रात्री घरातील मंडळी वर झोपावयास जातात, तेव्हा गुडघे दुखत असल्याने आजी खालच्या उबलेल्या खोलीतच राहते. ‘मला सवय आहे,’ असे ती म्हणते. वस्तुतः वय वाढले, की घाम कमी येतो आणि तहानही लवकर जाणवत नाही. म्हणजे गारव्याची खरी गरज तिलाच अधिक असते. अशा वेळी तिची बाज अंगणात आणावी, तिला आधी पाणी द्यावे आणि कोणीतरी तिच्याजवळ निजावे. तिचे अंग तापलेले असून ती असंबद्ध बोलू लागली, तर ताबडतोब अंग थंड पाण्याने भिजवून वारा घालावा आणि डॉक्टरांकडे न्यावे.

घरातील सर्वांत अशक्त माणसाला शांत झोप लागली, की मग माळवदावर खुशाल चांदण्या मोजाव्यात.

स्वाध्याय

१. माळवदाचे घर दुपारी थंड व संध्याकाळी उबट का लागते?
२. अलाहाबाद येथे बर्फ कसा तयार करीत? त्यावरून कोणता नियम कळतो?
३. ‘जे छप्पर उन्हापासून राखीत होते, तेच काळ ठरले.’ हे वाक्य स्पष्ट करा.
४. कारणे द्या : (अ) ढगाळ रात्री उकडते. (आ) उघड्या जमिनीवर निजू नये.
५. वाक्यात उपयोग करा : जिवावर बेतणे, शीण नाहीसा होणे, धडा घेणे.
६. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात कोठे व कसे झोपत, हे विचारा आणि दहा ओळी लिहा.