कात्री फांदी चिरडते, कापत नाही

प्रश्न : पावसाळ्यात माझी छाटणीची कात्री गंजली. आता जास्वंदीची फांदी कापण्याऐवजी चिरडते. नवी घ्यावी का?

उत्तर : एवढ्यात नको. अनेकदा गंजापेक्षा पात्यावर सुकलेला चीकच जास्त नडतो. कोमट साबणाच्या पाण्याने पाती घासा, गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, कोरडी पुसा. मग धार. इथेच बरेचजण चुकतात, पात्याच्या दोन्ही बाजू घासतात. कापणाऱ्या पात्याची फक्त उतरती बाजू, मूळच्या कोनातच, बारीक कानशीने एकाच दिशेने घासा. सपाट बाजूला कोन पडला की दोन पात्यांत फट राहते आणि साल नेमकी तिथे अडकते. त्या बाजूला धार लावायचा दगड पूर्ण टेकवून एखादाच हलका हात द्या, कड आलेली असेल तेवढी निघते. शेवटी स्क्रूपाशी तेलाचा थेंब.

हे सगळं जाड हातमोजे घालूनच करा. काम थांबलं की खटका लावा. उघडी कात्री गवतात ठेवणं मला अजिबात पटत नाही. कापलंच, तर जखम वाहत्या पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. धनुर्वाताचे जंतू गंजात नव्हे, मातीत असतात, त्यामुळे चकचकीत पात्याने झालेली जखमही सोडून देऊ नका.